बापाच्या हातातला पाण्याचा डबा

बाबा दिग्रसच्या जिनिंगमध्ये हमाल होते. सहा दिवस रुईच्या गाठी हलवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी विहारासमोर चळवळीची पत्रकं वाटायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, म्हणून मला आजही सौम्य लिहिता येत नाही.

त्यांनी काम सोडलं आणि आम्ही त्यांना मानानं खुर्चीत बसवलं. आमच्या वस्तीत कमावत्या लेकरांचा बाप नळावर दिसला की लेकरांची अब्रू जाते. दात पडले म्हणून आईनं पातळ वरण आणि मऊ भात सुरू केला. बघता बघता पँट कमरेवर थांबेना, मांड्या तुराट्यांसारख्या झाल्या. सगळे म्हणाले, म्हातारपण आहे.

बाबा विहारात जाईनासे झाले. मी कारण विचारलं. वंदनेनंतर त्यांना जमिनीवरून उठता आलं नव्हतं. दोघांनी बगलेत धरून उभं केलं होतं.

"गाठी उचलणारा माणूस मी. आता मलेच उचलून राह्यले. मी नाही जात."

हे मला मान्य नव्हतं. मी त्यांना दारव्ह्याला डॉक्टर बाईंकडे नेलं.

"काका, हात छातीशी बांधा आणि खुर्चीतून उठा."

बाबा पुढे झुकले, मागे पडले. मग बाईंनी मुठीची ताकद मोजली, पोटरीला टेप लावला, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टात दुसरा आजार निघाला नाही.

"स्नायू झिजलेत," बाई म्हणाल्या. "वयानं झिजतातच, पण बसून राहून आणि असं पातळ खाऊन फार लवकर झिजतात."

"गोळी द्या मंग."

"याला गोळी नाही. अंडी, घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट खायचा. आणि वजन उचलायचं, झेपेल तेवढं, हळूहळू वाढवत."

दुसऱ्या सकाळी बाबा अर्धा डबा पाणी भरायला नळावर निघाले. मी सोबत होते. शेजारची मावशी रांगेतूनच ओरडली, "काहून वो, एवढी शिकली तू, अन् बापाले पाणी भरायले लावते?"

माझं भाषण तयार होतं. माणसाला बसवून ठेवणं म्हणजे मान नाही, नजरकैद आहे, इथून सुरुवात करणार होते. पण बाबाच बोलले.

"तिनं नाही लावलं, डॉक्टरनं लावलं. तुह्या बुढ्यालेही पाठव, खुर्चीत बसून वाळून राह्यला तो. अन् सरक, माहा नंबर हाय."

नळावर हशा पिकला. मावशी सरकली.

घरी नवा कायदा झाला: हात न टेकता खुर्चीतून उठल्याशिवाय चहा नाही. "अंडी पचत नाहीत" म्हणणारी आई ती कुस्करून भाकरीसोबत देऊ लागली. बरेच आठवडे काहीच फरक दिसला नाही. मग डबा अर्ध्याचा पाऊण झाला, पुढे काठोकाठ भरला.

पौर्णिमेला बाबा विहारात आले. मागे म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या होत्या; ते मुद्दाम पुढे सतरंजीवर बसले. वंदना संपली. दोन तरुण लगबगीनं आले.

"सरका."

एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर. जरा डगमगले. बाबा उभे राहिले.

बाहेर चप्पल घालताना ते खाली बसले आणि पुन्हा उठले. चप्पल उभ्यानंही घालता आली असती.