दुसऱ्या पानावरचा नंबर
पाणी सांडत टँकर गेला की ओल्या धुळीचा वास मागं राहतो, आणि मला दुष्काळातला तो उन्हाळा आठवतो. शहराबाहेर बिडकीन रोडला इमारती उभ्या राहत होत्या, नळ मात्र पोहोचले नव्हते. मी तेव्हा एका टँकरवाल्याची वेबसाइट सांभाळायला घेतली होती. "ताई, वेबसाइट लई लोक बघतात म्हणता, मग फोन कसा कुणाचा नाय?" त्याच्या या प्रश्नानं मला चैन पडेना. पंखा गरम हवा फेकत होता आणि मी एकेक पान उघडून बघत होते. शेवटी सापडलं. आधीच्या माणसानं केलेलं, हुबेहूब नव्या पानासारखंच एक जुनं पान साइटवर राहून गेलं होतं. गूगलवर तेच आधी दिसायचं, आणि त्यावरचा नंबर एका आकड्यानं चुकला होता. मी तो लावला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. "टँकर नाय बेटा, ये घर है, हर्सूलला. दिवसभर लोक पाणी मागतात. राँग नंबर म्हणायची पण लाज वाटते. काल एक बाई रडायलाच लागली, घरात बाळंतीण होती म्हणे." मला बसवेना. जुनं पान उघडणारा थेट नव्या पानावर जाईल, अशी सोय मी लगेच केली. हळूहळू टँकरवाल्याचा फोन वाजू लागला. मग एका दुपारी त्याच बाईंचा मला फोन आला. "बेटा, फोन थांबले. सगळ्यांना पाणी मिळालं का?" "नंबर बरोबर मिळाला, चाची," एवढंच मी म्हणाले. त्या बाळंतिणीच्या घरी पाणी पोहोचलं का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही.