दारापर्यंत पोहोचवायचं

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. छत्रीवाला म्हणायचा, त्याची बायको म्हणायची, त्यांची मुलं म्हणायची, आणि कापडवाल्यांकडचा म्हातारा कारकून तिच्यापेक्षा वयाने मोठा असूनही मावशीच म्हणायचा. खरी मावशी ती कोणाचीच नव्हती, कारण तिला बहीण एकच, ती मी, आणि मी लग्नच केलं नाही. तिचं झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि ती परत येऊन बाबांच्या दुकानात बसली. मी तिला ताई म्हणते. ह्या गल्लीत तसं म्हणणारी मी एकटीच.

आमचं दुकान बटणांचं, जोडीला दोरे, चेन, इलॅस्टिक आणि लेस. इतकं अरुंद की आतल्या गिऱ्हाइकाला बाहेर पडायचं झालं तर बाहेरच्याने आधी पायरी उतरायची. एक अख्खी भिंत लाकडी खणांची, जमिनीपासून आढ्यापर्यंत, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतलं एक बटण दोऱ्याने बांधलेलं. चिठ्ठी नाही, आकडा नाही. बटण बघायचं आणि खण ओढायचा, ही बाबांची पद्धत. मागे पडद्याआड माझं छोटं हातयंत्र. बायका कपड्याची चिंधी आणून द्यायच्या, मी ती साच्यात दाबून कापडी बटणं करून द्यायचे. ताई पुढे, मी मागे. तिचं तोंड गोड, माझं तिखट, म्हणून बाबांनीच तशी वाटणी करून ठेवली होती.

गल्ली जुनी. दोन्ही बाजूंना दगडी कमानी आणि कमानींखाली दुकानं. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर मॉल झाला आणि आमच्याकडे माणूस फिरकेनासा झाला. दुकानदार माश्या मारत बसले. बसले ते बसले, वर एकमेकांच्या तोंडचा घास काढायला लागले. ह्याने रुमाल ठेवले की त्याने रुमाल ठेवायचे, त्याने कंगवे टांगले की ह्याने कंगवे टांगायचे. छत्रीवाल्याकडे बटणं, आमच्याकडे छत्रीच्या मुठी. सगळ्यांकडे सगळं, आणि गिऱ्हाईक कोणाकडेच नाही.

एक दिवस एक बाई कोटाची बटणं घेऊन निघाली. हातात मोडकी छत्री होती. "ही कुठे दुरुस्त होईल?" म्हणाली आणि आपणच उत्तर दिलं, "जाऊ दे, मॉलमध्ये नवीनच घेते." ताई गल्ल्यावरून उठली, बाईचा कोपर धरला आणि तिला घेऊन चालू पडली. मी पडद्यातून बघतेय, दुकान उघडं टाकून ही चालली कुठे. छत्रीवाला तोंडावर पेपर टाकून झोपला होता. ताईने दाराशी उभं राहून त्याला हाक मारली, बाईला आत घातलं आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशी तो छत्रीवाला, जो बाबा गेल्यापासून आमच्या पायरीवर चढला नव्हता, एका गिऱ्हाइकाला बाहीला धरून आमच्याकडे घेऊन आला. चोर पकडल्यासारखं धरलं होतं बिचाऱ्याला.

त्यातून ताईच्या डोक्यात ते आलं. तिने सगळ्यांना आमच्या दुकानात बोलावलं. काही स्टुलांवर बसले, काही शिडीच्या पायऱ्यांवर, उरलेले रस्त्यात उभे. ती म्हणाली, "लोक तिकडे का जातात? सगळं एका छपराखाली मिळतं म्हणून. सगळं तर आपल्याकडेही आहे, छप्पर तेवढं नाही. मग आपणच गिऱ्हाइकाचा हात धरून नेऊ." ठरलं ते एवढंच. ज्याचा माल त्याचा, तो दुसऱ्याने ठेवायचा नाही. आपल्याकडे नसेल ते "नाही" म्हणून सोडायचं नाही, ज्याच्याकडे असेल त्याच्यापर्यंत गिऱ्हाइकाला चालत न्यायचं. आणि न्यायचं ते दारापर्यंत.

"आत का नाही?" लोकरवालीने विचारलं. तिचं कोपऱ्यावर लोकरीचं दुकान, नवऱ्याने अर्ध्यात टाकलेली, पदरात दोन मुली.

"आत भाव होतो," ताई म्हणाली. "दुसऱ्याचा भाव कानावर पडला की आपल्या पोटात दुखायला लागतं. दारापर्यंत पोहोचवायचं आणि मागे फिरायचं."

सगळे हसले, आणि ठरलं. कागद नाही की सही नाही. मी मागून म्हटलं होतं की लिहून घ्या, पण माझं कोण ऐकतंय.

मग वाटावाटी सुरू झाली आणि तिथेच आमच्या घराला भोक पडलं. लोकरीवर लोकरवालीचं भागेना, ती दुकान बंद करायच्या गोष्टी करायला लागली. ताईने आमच्याकडचे दोरे उचलले, सगळी रिळं टोपल्यांत भरली आणि तिला नेऊन दिली. "आजपासून दोरे तुझे." पुढे बॅगवाला रडत आला, तर त्याला चेन आणि इलॅस्टिक. मग कापडवाले आले. ते काही रडत आले नाहीत. गल्लीतलं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं, गल्लीतल्या दुकानदारांच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. नुसतं म्हणाले, "मावशी, लेस कापडाबरोबरच शोभते, नाही का?" लेसही गेली.

मी भांडले. म्हटलं, "ताई, हा दानधर्म दुसऱ्याच्या जिवावर कर. आपल्याला कोण देणार आहे?"

"अगं, एक शटर खाली आलं की शेजारची दोन आपोआप येतात," ती म्हणाली. "आणि बटणं आहेत ना आपली. बटणं कोण मागतंय?"

"आज नाही मागत," मी म्हटलं. जीभ काळी आहे माझी, असं आई म्हणायचीच.

पण खोटं कशाला बोलू, गल्ली उठली. बघता बघता उठली. एका दुकानात शिरलेलं माणूस चार दुकानं फिरून बाहेर पडायला लागलं. लोकांना ते हाताला धरून नेणं भारी आवडायचं, काही जण तर तेवढ्यासाठी यायचे. मंडळाने कमानींना दिवे लावले, खाली बाक ठेवले, फरशी धुवायला माणूस लावला. पेपरवाले आले. फोटोत मधोमध कापडवाले, एका बाजूला छत्रीवाला, एका बाजूला लोकरवाली नवीन साडी नेसून. ताई कुठे आहे म्हणून मी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. ती नव्हतीच. त्या वेळी ती कोणाला तरी बॅगवाल्याकडे पोहोचवायला गेली होती.

वर्षं गेली. कापडवाले थकले, त्यांचा मुलगा गादीवर बसला. शेजारचे दोन गाळे घेऊन त्याने दुकान वाढवलं, काचेची दारं बसवली, तयार कपडे आणले, शिंपी आत बसवले. पोरगा वाईट नव्हता. लहानपणी आमच्या पायरीवर बसून खणांची बटणं मोजायचा, ताईने त्याला किती वेळा लिमलेटच्या गोळ्या दिल्यात. त्यानेच मंडळाची सभा बोलावली, त्याच्याच दुकानात, वरच्या मजल्यावर. खुर्च्या गुबगुबीत, चहाबरोबर बिस्किटं. बिस्किटं बघूनच मी ओळखलं की काहीतरी शिजलंय.

"लोकांना आता एकाच जागी सगळं लागतं," तो म्हणाला. "कापड आमच्याकडे, शिलाई आमच्याकडे आणि बटणासाठी त्यांनी चालत जायचं, हे बरं दिसत नाही. म्हणून बटणं आम्ही ठेवणार आहोत. मावशी, राग मानू नका. तुम्हीही दुसरं काहीतरी ठेवा की."

ताईने शांतपणे विचारलं, "काय ठेवू?"

"काहीही. तुमची मर्जी."

"मग लेस परत दे."

तो हसला. "लेस आता आमची झाली ना मावशी. तुमच्याच नियमाने."

ताईने मान वळवून लोकरवालीकडे पाहिलं. "दोरे?"

लोकरवाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "मावशी, माझं आता दोऱ्यांवरच चालतं. लोकर कोण घेतंय? पोरींची शेवटची वर्षं आहेत कॉलेजची." बॅगवाल्याला तर विचारावंही लागलं नाही, तो आधीच खिडकीबाहेर बघत होता.

म्हणजे कसं, तर नियम तिच्यासाठी नव्हता आणि तिच्यावर मात्र होता. तिच्या बटणांना कोणीही हात लावावा, आणि तिने मात्र गल्लीतल्या कशालाही हात लावायचा नाही, कारण सगळं तिनेच वाटून टाकलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एकटा छत्रीवाला उठला. "हे बरोबर नाही," म्हणाला. "मावशीने हात धरला नसता तर आपण आज..."

"काका," पोरगा गोड आवाजात म्हणाला, "रेनकोटबरोबर छत्र्यांचाही विचार चाललाय आमचा. अजून ठरवलेलं नाही."

छत्रीवाला उभा होता, तो खाली बसला. मला त्याचा राग येत नाही. येतो, पण कमी येतो.

मग मी बोलले. काय काय बोलले ते आता सांगत नाही. गरज सरो वैद्य मरो इथून सुरुवात केली आणि लिमलेटच्या गोळ्यांपर्यंत सगळं काढलं. ताईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस गं. चहा गार होतोय." हात वर करून मतं घेतली. छत्रीवाल्याने बाजूनेही हात वर केला नाही आणि विरोधातही केला नाही. विरोधात आम्ही दोघी.

तरीही आमची बटणं होती आणि जुनी गिऱ्हाइकं होती. मला वाटलं, रेटू. पण गल्लीला चालत न्यायची सवय लागलेली ना. एका दुपारी मी बाहेर पायरीवर बसले होते. लोकरवाली एका बाईला घेऊन आली, कोपर धरून, अगदी ताई धरायची तसंच. बाईच्या हातात बटण तुटलेला ब्लाउज होता. मी आत हाक मारायला तोंड उघडलं. लोकरवाली आमच्या दारापाशी आली, पलीकडच्या कमानीकडे बघत राहिली आणि बाईला पुढे घेऊन गेली. काचेच्या दाराकडे. ताई गल्ल्यावर होती. तिने बघितलं. तिने खालचा एक खण ओढला, आतली बटणं उगाच खालीवर केली आणि खण परत लावला.

त्या दिवसानंतर तिने नवीन माल मागवला नाही. मी कितीदा म्हटलं, तर म्हणायची, "बघू." खण एकेक करून रिकामे होत गेले, तरी त्यांच्या तोंडाशी बांधलेली बटणं तशीच होती. शेवटी आम्ही जागा सोडली. खणांची भिंत कापडवाल्याच्या पोराने मागितली. "जुनी वस्तू आहे, गल्लीबाहेर जायला नको," म्हणाला. मी म्हटलं, फोडून जाळू पण त्याला द्यायची नाही. ताई म्हणाली, "जाळून काय होणार? गल्लीत तरी राहील." आणि दिली. दानशूर ना ती.

आता आमच्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. आम्ही वरच्याच खोल्यांत राहतो. माझं हातयंत्र खाटेखाली आहे. ताई संध्याकाळी खाली उतरते आणि मंडळाने ठेवलेल्या बाकावर बसते, आमच्या त्याच जुन्या दुकानासमोर. मी सांगते, दुसऱ्या बाकावर बस, बाक काय कमी आहेत का. ती तिथेच बसते.

परवा मीही तिच्याजवळ बसले होते. एक म्हातारा आला, कोटाचं एक बटण गेलेलं, दुसरं दोऱ्यावर लोंबत होतं. सवयीने आमच्या पायरीवर चढला, आत कव्हरं बघून गोंधळला. आतल्या मुलीने मान न उचलता "माहीत नाही" म्हटलं. माहीत नाही. ह्या गल्लीत. मी ताईकडे पाहिलं, तर ती गुडघ्यावर हात रोवून उठतच होती. मी म्हटलं, "ताई, खाली बस. तुला कोणी सांगितलंय?" तिने ऐकलं नाही. म्हाताऱ्याचा कोपर धरला आणि चालायला लागली. कोणी कोणाला धरलं होतं तेही कळत नव्हतं. मी मागून, चरफडत.

छत्रीवाल्याने बघितलं आणि आत वळला. काचेच्या दारापाशी ताई थांबली. आत समोरच आमची भिंत उभी होती, वरून दिवे सोडलेले, पॉलिश करून चकचकीत केलेली. बाबांनी बांधलेली बटणं अजून दोऱ्यावर होती. खणांत मोजे ठेवलेत म्हणे. म्हातारा आत गेला. दाराशी उभी असलेली मुलगी ताईला म्हणाली, "या ना आजी, आत या. काय दाखवू?"

"काही नको," ताई म्हणाली आणि मागे फिरली.

मला राहवलं नाही. भर रस्त्यात म्हटलं, "त्या पोराला गिऱ्हाईक नेऊन दिलंस ते दिलंस, निदान आत तरी जायचंस. बाबांची भिंत आहे ती. एकदा हात लावून यायचंस."

"दारापर्यंतच पोहोचवायचं असतं," ती म्हणाली. "आत जायचं नाही, असं ठरलंय आपलं."

"कोणाचं ठरलंय? कोण पाळतंय आता?"

"मी पाळते ना," ताई म्हणाली. "हा नियमही मोडला, तर ह्या गल्लीत माझं उरलं काय?"