ओल्या भिंतीचा रंग

आमचे हे घरं रंगवायचे, थोरल्या भाऊजींबरोबर भागीदारीत. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन रंग बघून तोंड वाकडं करायला लागलं, की हे ब्रश धूत म्हणायचे, "ओल्या भिंतीवरून ठरवू नका. उद्या वाळल्यावर या, मग खुशाल भांडा."

मग एक साधा ताप आला. ताप गेला, माणूस मात्र पूर्वीचा राहिला नाही. एक खोली रंगवली की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसे. ताट उचलताना हात थरथरायचे, उजेड सोसायचा नाही, बोललेलं डोक्यात शिरायचं नाही. तपासण्या मात्र सगळ्या झकास! त्या 'नॉर्मल' शब्दाचा मला संताप यायचा. जो तो सल्ला द्यायला मोकळा: व्यायाम करा, मन रमवा. भाऊजी तर तोंडावर म्हणाले, "काम नको असेल तर सरळ सांग, सोंगं नकोत."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं ज्याचं जळत होतं त्यालाच कळेनासं झालं. एका दुपारी यांनी मला विचारलं, "मी खरंच आळशी झालोय का गं?"  मला रडूच आलं.

यांचीही एक खोड होती. डॉक्टरांकडे जायचं ठरलं की आधी पडून राहून बळ साठवायचं. मग दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि तिथं खुर्चीत ताठ. का, तर गबाळ्यासारखं कुणाच्या दारात जाऊ नये! डॉक्टरांना दिसायचा धडधाकट माणूस. घरी आल्यावर अंथरुणात जे दिसायचं, ते मला.

नव्या डॉक्टरीणबाईंपुढे माझा तोल सुटला. म्हटलं, "बाई, तुम्ही सगळे ओली भिंत बघताय. यांना उद्या बघा!"

बाई हसल्या नाहीत. सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "तसंच करू." तोंडाला मास्क लावून दवाखान्यातली जागेवरची सायकल मारायची, श्वास मोजायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्या दिवशी यांनी झकास सायकल मारली. सोबत आलेले भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस?" दुसऱ्या दिवशी त्याच भाऊजींना यांना धरून आणावं लागलं. पाय लगेच थांबले. ओठ पांढरे पडले.

"आकडे खूप घसरलेत," बाई म्हणाल्या. "असं सोंग आणता येत नाही. तापाशी सुरू झालेली शरीराची लढाई कदाचित थांबलीच नसेल. किंवा पेशींना पुरेशी शक्ती तयार करता येत नसेल. नक्की कारण आम्हालाही अजून कळलेलं नाही. बरं करणारं औषध नाही. झेपेल तेवढंच करायचं, ओढूनताणून काही नाही."

औषध नाही म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला. हे मात्र भाऊजींकडे बघत होते.

"दादा, ऐकलंस ना? सोंग नाही म्हणतात."

 भाऊजी खाली बसले आणि धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले.