लेकीची रेसगाडी विजेवर केली तेव्हा

इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये काय काय असतं, ते मी डोळे मिटून सांगू शकते. गणपतीचं मखर, चाक तुटलेली मोठी बॅग, कपडे वाळत घालायच्या कामी येणारी ट्रेडमिल आणि तांदळाच्या दोन गोण्या. आमच्या गॅरेजमध्ये याशिवाय एक ड्रॅगस्टर होती. लांबलचक, जमिनीला टेकलेली गाडी. पुढे सायकलची असावीत तशी बारीक चाकं, मागे दोन जाडजूड, आणि मधल्या लोखंडी पिंजऱ्यात माझी अकरा वर्षांची मुलगी.

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर समजावून माझं तोंडपाठ झालंय. सरळ रस्ता, दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, दहाएक सेकंदांत खेळ खलास. मुलांसाठी छोट्या इंजिनाच्या गाड्या असतात. मुलगी एका मैत्रिणीबरोबर ते बघायला गेली आणि मलाही हेच करायचंय म्हणून परत आली. नवऱ्याला वाटलं, पंधरा दिवसांत खूळ उतरेल, म्हणून त्यानं एक जुनी गाडी आणून दिली. पंधरा दिवसांत नवऱ्याचा उत्साह उतरला. मुलगी तशीच राहिली.

त्या गाडीचं पेट्रोलचं इंजिन महा हट्टी होतं. एकदा धावेल तर एकदा नुसतं खोकेल. ड्राइव्हवेवर ते सुरू केलं की शेजारच्या आजोबांच्या खिडक्या थरथरायच्या. आजोबांनी दोनदा हसत सांगितलं आणि तिसऱ्यांदा कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला कळवलं. त्यात मुलगी उन्हाळाभर प्रत्येक शर्यतीत पहिल्याच फेरीत हरत होती. शेवटी नवऱ्यानं जेवताना निकाल देऊन टाकला. सीझनची शेवटची शर्यत राहिली आहे, तिच्यात एक तरी फेरी जिंकली तर गाडी राहील, नाहीतर विकायची. मुलीनं वाद घातला नाही. ताट सिंकमध्ये ठेवलं आणि गॅरेजमध्ये जाऊन बंद गाडीत बसून राहिली.

मला संताप आला. नवऱ्याचा आला, शेजाऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त त्या इंजिनाचा आला. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, दिवसभर डिलिव्हरी व्हॅनच्या बॅटऱ्या तपासते. घरी एक पोर खोकणाऱ्या इंजिनापायी हरतंय आणि मी भाजी चिरतेय, हे मला पटेना. मी जाहीर केलं, इंजिन काढून मोटर बसवते. ट्रॅकच्या लोकांना विचारलं तर ते म्हणाले, तपासणीत पास झाली तर खुशाल आणा.

पुढचे काही आठवडे आमच्या डायनिंग टेबलावर जेवण झालं नाही. तिथे मोटर होती, नारिंगी केबल्स होत्या आणि मोटरची ताकद कमीजास्त करणारा कंट्रोलर होता. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. उभा जन्म शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाई, त्यांनी तक्रार केली नाही, फक्त माझ्या पान्यांच्या शेजारी पोह्यांची बशी आणून ठेवायच्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ही बंद कशी करायची. मी पिंजऱ्यावरचं मोठं लाल बटण दाखवलं. त्यानंतर येताजाता त्या ते बटण दाबून बघायच्या, आणि काल चाललेली गाडी आज का चालत नाही म्हणून मी तासन्‌तास वायरी तपासत बसायचे.

गाडी तयार झाल्यावर सासूबाईंनी पंचांग काढलं. नव्या वाहनाच्या चाकांखाली लिंबं चिरडली पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, आई, वाहन जुनंच आहे, मोटर तेवढी नवी आहे. त्या म्हणाल्या, मग मोटरसाठी. तेव्हा सुपरमार्केटमधली मेण लावलेली लिंबं आली, गाडीला हळदीकुंकू लागलं, मुलगी हेल्मेट घालून आत बसली. मुहूर्त टळत चालला म्हणून सगळे मागे लागले आणि त्या घाईत कंट्रोलरची ताकद कमी करून ठेवायची राहून गेली. मी मुलीला म्हटलं, पेडलला नुसता पाय लाव.

तिनं नुसताच लावला. विजेची मोटर सगळा जोर पहिल्याच क्षणी देते, हे मी ऑफिसात नवीन लोकांना रोज शिकवते. गाडी लिंबांवरून उडून शेजाऱ्यांच्या झुडपांच्या कुंपणात, हेजमध्ये घुसली. आवाज म्हणून झाला नाही. सासूबाई डोळे मिटून रिकाम्या ड्राइव्हवेसमोर स्तोत्र म्हणत होत्या. नवरा मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यात दोन चपटी लिंबं आली. मुलगी हेजमधून म्हणाली की ती ठीक आहे, आणि गाडी खूप मस्त झालीये.

शेजारचे आजोबा चहाचा मग हातात घेऊन बाहेर आले. त्यांच्या गुलाबांत आमची पुढची चाकं होती. चाकांकडे बघत ते म्हणाले की पूर्वी निदान ती येतेय हे ऐकू तरी यायचं. मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती. नवऱ्यानं हेज लावून देण्याचं कबूल केलं, आणि ओशाळून असंही सांगितलं की काळजी करू नका, आम्ही ही गाडी बहुधा विकणारच आहोत. ते मुलीनं ऐकलं. तिनं हेल्मेट काढलंच नाही, तशीच घरात गेली.

शनिवारी ट्रॅकवर सरावाला गेलो. तपासनीस बाईंनी केबल ओढून पाहिल्या, लाल बटण दाबून पाहिलं, कुंकवाकडे बोट दाखवून हे ऑइल आहे का विचारलं. सगळं पास झालं, पण एक अट निघाली. गाडीचा आवाज येत नाही, तेव्हा माणसांच्या गर्दीतून ती ढकलत नेताना पुढे कुणीतरी आवाज करत चाललं पाहिजे. आमच्याकडे शिट्टी नव्हती, भोंगा नव्हता. सासूबाईंच्या पर्समध्ये देवाची घंटी होती. ती पर्समध्ये का होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तर नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, वर जाड पफर जॅकेट, कानाला मफलर, अशा आमच्या सासूबाई घंटी वाजवत पुढे, मागे ड्रॅगस्टर आणि ती ढकलणारे आम्ही दोघं. ऑइलनं माखलेले धिप्पाड लोक हातातलं काम टाकून बाजूला होत होते. एकानं टोपीसुद्धा काढली.

सरावात गाडी दर वेळी साडेनऊ सेकंदांच्या आसपास धावली. ना खोकली, ना रुसली. आता प्रश्न आला तो वेळेचा. या शर्यतीचा एक अजब नियम आहे. आपण किती सेकंदांत पोचणार ते आधी सांगायचं आणि गाडीवर लिहायचं. ज्याची गाडी हळू, त्याला त्या हिशेबानं आधी सोडतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळते. पण सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात, तर बाद. पेट्रोलच्या इंजिनानं कबूल केलेली वेळ कधी गाठलीच नव्हती, त्यामुळे लवकर पोचण्याची भीती आम्हाला कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, नऊ पॉइंट दोन लिही."

आमच्या घरात कुणी स्वतःबद्दल असं बोलत नाही. पेपर कसा गेला विचारलं की बरा गेला म्हणायचं. नवरा बोर्डात आला होता, तेव्हा सासूबाईंनी शेजारणींना ठीक मार्क पडले असं सांगितलं होतं. मी स्वतः प्रमोशन मिळाल्याचं आईला महिन्यानं सांगितलं. त्यामुळे नऊ पॉइंट दोन ऐकून तिघंही एकदम बोलायला लागलो. सासूबाई म्हणाल्या, इतकं तोंड भरून बोलू नये, दृष्ट लागते. नवरा म्हणाला, काल साडेनऊ लागले, थोडा हातचा राखून नऊ पॉइंट सहा लिहू. मी इंजिनिअर, कालचे आकडे माझ्या हातात, मीही मान डोलावली. तिघांचं एकमत होण्याची ती त्या वर्षातली पहिलीच वेळ असावी. सासूबाईंनी वळणदार अक्षरात, पांढऱ्या मार्करनं नऊ पॉइंट सहा लिहिलं. मुलीनं आकड्याकडे पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

शेजारच्या लेनमध्ये एक पेट्रोलची गाडी फुरफुरत होती. आमची गाडी मेल्यासारखी गप्प. दिवा हिरवा झाला आणि ती गेली. मला फक्त टायरची सरसर ऐकू आली, मग तीही नाही. पलीकडच्या टोकाला ती पहिली पोचली, चांगली दोन गाड्यांच्या अंतरानं. नवऱ्यानं मला मिठी मारली, तशी त्यानं लग्नातसुद्धा मारली नव्हती. सासूबाई घंटी वाजवत सुटल्या. आणि मग दुसऱ्या लेनचा दिवा लागला, जिंकणाऱ्याचा. आमच्या पाटीवर नऊ पॉइंट एकोणीस आलं होतं. सांगितल्यापेक्षा लवकर पोचली, म्हणून बाद.

गाडी ढकलत परत आणली. घंटी वाजवायची राहिली तर एका माणसानं आठवण करून दिली, तेव्हा सासूबाईंनी ती हळूच दोनदा हलवली. नवऱ्यानं मुलीला विचारलं की पुढे आहोत हे दिसत होतं, मग शेवटी पेडलवरचा पाय का काढला नाही.

ती म्हणाली, "मी हळू का जाऊ? काल मी फुल दाबला नव्हता, तूच सांभाळून जा म्हणालास. मला माहीत होता मी किती फास्ट आहे. I told you. तुम्ही कोणी विचारलाच नाही."

तिची क्रियापदं नेहमीसारखी चुकली होती आणि एरवी सासूबाईंनी ती तिथल्या तिथे दुरुस्त केली असती. त्या वेळी त्या तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिल्या. मला स्वतःची चीड आली. इतक्या आठवड्यांत मी गाडीची प्रत्येक गोष्ट मोजली होती, आणि ती चालवणारीला एक प्रश्न विचारला नव्हता. घरी येईपर्यंत गाडीत मागून हुंदक्यांचा आवाज येत राहिला आणि आम्ही दोघं समोरचे राउंडअबाउट मोजत बसलो.

घरी पोचलो तर शेजारचे आजोबा हेजच्या भगदाडात उभे. गाडी विकणार असं ऐकलं होतं, म्हणून ते थांबले होते. त्यांच्या दहा वर्षांच्या नातीसाठी त्यांना ती घ्यायची होती, आणि आता गाडीचा आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांचीही काही हरकत नव्हती. त्यांनी नवऱ्याला विचारलं की बऱ्यापैकी पळते का.

नवऱ्याचं उत्तर मला ठाऊक होतं. नॉट बॅड. इतक्या वर्षांत घर, नोकरी, बायको, सगळ्याला त्याचं तेच उत्तर आहे. मुलगी हेल्मेट पोटाशी धरून ट्रेलरपाशी उभी होती.

"फार जोरात पळते," नवरा इंग्रजीत म्हणाला, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "नऊ पॉइंट दोन सेकंद. पण ते माझ्या मुलीनं केलंय, दुसऱ्या कुणाला जमेलसं वाटत नाही. गाडी विकायची नाही, सॉरी."

आजोबा बरं म्हणाले. मुलीनं बाहीनं नाक पुसलं.

"नऊ पॉइंट एकोणीस, बाबा."

नवरा पुन्हा आजोबांकडे वळला. "नऊ पॉइंट एकोणीस," तो म्हणाला.