पिंपळाला शून्य गुण

माया बनसोडेची गोष्ट सांगायला बसलो की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. शांतपणे सांगण्यासारखी ती नाही, आणि मीही शांत स्वभावाचा माणूस नाही. आम्ही जतकडचे धनगर. आमच्यात बोलायचं ते माळाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायची रीत आहे.

शहाण्णव साली विद्यापीठात आम्हा दोघांना एकाच दिवशी संशोधन सहायकाची जागा मिळाली. प्रकल्पाचं नाव भलंमोठं होतं: शहर नियोजन आणि जैवविविधता धोरण. साध्या भाषेत काम असं, की सातारा आणि सांगली वाढत होती, नवे रस्ते आखले जात होते, आणि त्या रस्त्यांत कुठली झाडं, कुठली गवताची रानं वाचवावीत ते आम्ही हिंडून, बघून सरकारला कळवायचं. सांगलीकडचं काम माझ्याकडं, साताऱ्याचं मायाकडं. ती साताऱ्याचीच. मेढ्याच्या रस्त्याला शहर संपतं तिथं तिची वस्ती. वनस्पतिशास्त्र घेऊन एमेस्सी झालेली वस्तीतली ती पहिली, आणि ही तिची पहिली नोकरी. पहिल्या पगाराचे पेढे तिनं कचेरीत वाटले तेव्हा शिपायाला सगळ्यांच्या आधी दिले होते. मला ती तिथंच आवडली.

तिच्या वस्तीच्या मधोमध एक पिंपळ होता. छप्पन साली तिचे आबा, म्हणजे वडील धनाजी, नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी तो लावला. वस्ती तेव्हा शहरात आली नव्हती, शेजारच्या गावाची होती. गावात जुना पिंपळ होता, पण त्याच्या पारावर या लोकांना चढू देत नसत. काही सांगायचं तर पाराखाली उन्हात उभं राहून सांगायचं. म्हणून धनाजींनी आपला वेगळा पिंपळ लावला. त्याला पार बांधला नाही, दोरा गुंडाळला नाही, शेंदूर लावला नाही. ते सगळं सोडूनच तर ही माणसं बाहेर पडली होती. बुद्धपौर्णिमेला फांदीवर पंचशील ध्वज लागायचा, वस्तीतली लग्नं त्याच्याखाली व्हायची, फांदीला टांगलेल्या बल्बखाली पोरं अभ्यास करायची. माया तिथंच शिकली. धनाजी वारले तेव्हा अखेरचं दर्शन घ्यायला त्यांना तिथंच ठेवलं होतं.

आणि नवा रस्ता नेमका त्या पिंपळावरून आखलेला होता.

प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांनी झाडांना गुण द्यायची एक पद्धत काढली होती. जात, वय, घेर, पाखरं यांना निम्मे गुण, आणि उरलेले निम्मे लोकांच्या श्रद्धेला. सर म्हणायचे, "आपल्याकडं झाडं कायद्यानं वाचत नाहीत, देवाच्या धाकानं वाचतात." हे अगदीच खोटं नव्हतं. आमच्या माळावर बिरोबाचं बन आहे. सर जीपमधून उतरले, दगडावर पडलेला भंडारा बघितला आणि पाखरू कुठलं, गवत कुठलं हे न विचारताच पैकीच्या पैकी देऊन मोकळे झाले. मी खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

मायाच्या पिंपळापाशी आले तेव्हा मात्र सर खोडाभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "श्रद्धेचे शून्य."

"सर, लोक या झाडाला मानतात," माया म्हणाली.

"कशावरून?"

"मी त्या लोकांतलीच आहे."

"तसं नव्हे, दिसलं पाहिजे. दोरा कुठं आहे?"

"आम्ही दोरा बांधत नाही."

"मग श्रद्धा मोजायची कशी?" सर हसले. मग तिच्या खांद्याशी येऊन, पोरीला समजवावं तसं म्हणाले, "अगं, एक गोटा ठेवा, शेंदूर फासा, रस्ता वळतो की नाही बघ. तुझ्या भल्याचं सांगतोय."

भल्याचं! आयुष्यभर ज्या शेंदरानं या माणसांना लांब उभं केलं, तोच म्हणे आता त्यांनी विकत आणायचा. मायानं रात्री जागून चार पानांचं टिपण लिहिलं, की ध्वज, लग्न, अभ्यास हीसुद्धा लोकांची श्रद्धाच आहे, हिलाही गुण असावेत. सरांनी वाचलं, मराठी चांगलं आहे म्हणाले आणि टिपण टेबलाच्या कोपऱ्यात सरकवलं. त्याच्यावर पुढं चहाचा कप ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

पंधरवड्यानं रस्त्याचे साहेब झाडं तपासायला आले. त्या दिवशी मीही साताऱ्याला होतो. सरांनी सकाळीच आपल्या जीपचा ड्रायव्हर अर्जुना याला पुढं धाडला होता, आणि हे त्यांनी वाटेत आम्हाला कौतुकानं सांगितलं. "तुमच्यानं होईना, म्हणून मीच करून टाकलं," म्हणाले.

वस्तीत पोचलो. पिंपळाच्या बुंध्याशी एक काळा दगड उभा केलेला, वरपासून खालपर्यंत शेंदूर, पुढं अर्धा नारळ. साहेबांनी बूट काढले, हात जोडले. "वा, जागृत दिसतंय. रस्ता थोडा वळवावा लागेल," म्हणाले. सरांनी मायाकडं बघून डोळे मिचकावले. "लिही गुण."

वस्ती गोळा झाली होती. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघत होती. कुणी पुढं होईना, कारण झाड वाचत होतं. मायाच्या हातात पेन होतं. एवढ्यात मागनं तिची आई, बनाबाई, धुण्याची बादली घेऊन आली.

"माजा दगुड कुनी रंगवला रं?"

पिंपळाजवळच नळ होता, आणि अर्जुनानं घाईत उचललेला दगड बनाबाईचा धुण्याचा होता.

"आई," माया म्हणाली, "त्यो देव हाय म्हनत्यात. ह्यो ऱ्हायला तर झाड ऱ्हातंय. न्हाईतर रस्ता जातोय."

बनाबाईनं वर बघितलं. पार शेंड्यापर्यंत बघितलं. "तुज्या बापानं लावलंय ते," म्हणाली.

"व्हय."

"मंग त्येनं जे केलं आसतं त्येच करू."

तिनं दगड लोटत नळाखाली नेऊन आडवा पाडला, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि घासायला लागली. शेंदराचं तांबडं पाणी साहेबांच्या उघड्या पायाशी आलं.

"अहो बाई! देवावर धुणं आपटता?" साहेब ओरडले.

"देव कवापास्नं झाला? काल म्या ह्याच्यावर वाकळ धुतली," बनाबाई म्हणाली, आणि पहिलं लुगडं दगडावर आपटलं.

साहेबांनी बूट घातले. सरांचा चेहरा लाल झाला होता. "लिही शून्य," ते मायावर खेकसले.

मायानं पेन त्यांच्यासमोर धरलं. "शून्य तुमचं आहे, सर. तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी लिहिलं. पुढच्या महिन्यात मायाची मुदत संपली ती वाढवली नाही. माझी वाढवली. मी सरांच्या टेबलावर हात आपटून कारण विचारलं, तर म्हणाले, "तिला समन्वय जमत नाही." या शब्दाचा मला आजतागायत संताप येतो.

थंडीत पिंपळ पाडला. करवत चालू होती तोवर माया समोर उभी होती. बनाबाई धुणं धूत होती, त्याच दगडावर, धुण्याला कपडे उरले नव्हते तरी. मला राहवेना. मी मायावरच भडकलो. "एक गोटा ठिवला असता तर काय बिघाडलं असतं गं? झाड तरी ऱ्हायलं असतं!"

"गड्या, तुज्या बिरोबापशी तुला कुनी आडवत न्हाई, म्हनून तुला कळत न्हाई," ती म्हणाली. "आज गोटा ठिवला असता, उद्या पार झाला असता, परवा पुजारी बसला असता. आन् त्यो आमालाच म्हनला असता, खाली उभं ऱ्हावा. आबांनी एवढ्यासाठी झाड लावलं न्हवतं."

मला वाटलं, रागात बोलतेय. आपल्या काळात एवढं कुठं राहिलंय?

त्याच रस्त्यावर थोडं पुढं एका सिमेंटच्या दुकानापुढं कडुनिंब होता. दुकान रस्त्यात जात होतं. दगडाची हकिकत दुकानदाराच्या कानावर गेली होती. त्यानं निंबाखाली गोटा बसवला, सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि रस्ता वळला. आमच्या अहवालात त्या निंबाचा फोटो आहे.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मी बनाबाईला भेटायला गेलो. माया तोवर पाटणला शाळेत लागली होती आणि म्हातारी लेकीकडं निघाली होती. मी पिशवी घेतली. एस्टीचा थांबा आता त्या निंबाच्या सावलीत झालेला. निंबाला फरशीचा पार, लोखंडी कठडा, घंटा. बनाबाईचे गुडघे गेलेले, ती पाराच्या कडेला टेकली.

पुजारी आतून आला. चांगल्या शब्दांत बोलला, हे विशेष. "मावशी, कुठल्या वस्तीतल्या तुम्ही?"

तिनं सांगितलं.

"मग जरा खाली बसा. पूजेची जागा आहे."

मी त्याच्या अंगावर गेलोच होतो. बनाबाईनं माझी बाही धरली. तिची पकड अजून धुणं पिळणाऱ्या बाईची होती. ती उतरली, पण खाली बसली नाही. रणरणत्या उन्हात ती आल्या वाटेनं मागं चालायला लागली, वस्तीपर्यंत, जिथं पिंपळ होता तिथपर्यंत. तिथं आता नुसतं डांबर होतं.

"मावशी, हितं थांबा न्हाई," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि कुणाला तरी मारावंसं वाटत होतं.

"जागा आमची हाय," ती म्हणाली. "हात केला की थांबती."

लांबून एस्टी आली. बनाबाईनं हात केला, आणि ती थांबली.