चाचा हिंदीतून बोलत होते तोवर

सौदीतल्या यान्बू बंदरात माझं काम म्हणजे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या राहण्याच्या परवान्यावर, राहणं आणि त्याचा डबा भरणं. पुण्यातली टीव्हीची बातमीदारी सोडून आले होते, त्याची चिडचिड भाजी चिरताना निघायची. अशात ती भेटली. कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरची, पन्नाशी उलटलेली, हसताना अख्खी हलणारी बाई. बंदरातल्या कामगारांवर माहितीपट करत होती आणि तिला हिंदीसाठी दुभाषी हवी होती.

सगळी फिल्म एकाच माणसावर उभी होती. टगबोटीवर स्वयंपाक करणारे, रत्नागिरीकडचे चाचा. आठवडाभरात ते कायमचे घरी जाणार होते. आणि कॅमेरा लागला की चाचा ताठ बसून हिंदीत सांगायचे, कंपनी अच्छी है, खाना अच्छा है, सब खैरियत. इथे कोणी काही विचारलं की आपली माणसं हेच सांगतात. ज्याच्या हातात व्हिसा आणि नोकरी, त्या कफीलच्या कानावर काय जाईल याचा नेम नसतो. फिल्म हातची जाणार, असं मला वाटायला लागलं.

तिने कॅमेरा बंद केला, चहा मागवला आणि स्वतःचं सांगत बसली. तरुणपणी ती बेटावरच्या टीव्हीवर बातम्या वाचायची, अगदी साहेबी इंग्रजीत. तिची आई बाजारात मासे विकायची. आई एकदा म्हणाली, पडद्यावर तू दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी वाटतेस. ते तिला इतकं लागलं की बातम्या सोडून ती माहितीपटांकडे वळली आणि पुढची सगळी वर्षं कोळ्यांना, ऊसतोड्यांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलतं करत राहिली. मग मला म्हणाली, “तुम्ही दोघं चहा पिताना ज्या भाषेत बोलता, त्यात विचार. मला कळलं नाही तरी चालेल.”

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. मी मराठीत विचारलं, चाचा, इथे राहून गावाकडचं काय हुकलं? चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. सवयीने मी लगेच दुसरा प्रश्न टाकणार, तोच तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आई गेली तवा सुटी गावली नाय,” चाचा म्हणाले. “त्या दिशी पण जेवण मीच केलं. मीठ जास्ती पडलं. कोण काय बोललं नाय. सगले गप जेवले.”

मला भाषांतर करता येईना. तिने घाई केली नाही. नंतर फिल्मला पैसे देणाऱ्या कंपनीच्या माणसाने त्यावर इंग्रजी आवाज चढवायला सांगितलं, तेव्हा ही बाई हटून बसली. खाली अक्षरं येतील, आवाज चाचांचाच राहील, म्हणाली, आणि तसंच झालं. पुढे मला कामं मिळत गेली ती तिच्याच शब्दावर. पण थांबायला शिकवलं, त्याबद्दल मी तिची जास्त ऋणी आहे.

फिल्म तयार झाल्यावर मी ती चाचांना गावी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“घरात सगल्यांनी बगितली, ताई. बायको रडली. बोलते, इतक्या वर्सांत हे मला कदी सांगितलं नाय. मी बोललो, कोण इचारलंच नाय.”