बाटलीशिवायची भातलावणी

आमच्या खालापूरकडच्या गावात भातलावणीला माणसं बोलवायची तर मजुरी, दुपारचं जेवण आणि काम उरकल्यावर बाटली, असा रिवाज. बाटली कुणी मागत नाही, ती धरलेलीच असते. आमच्या घरी ती वाटायचं काम माझ्या थोरल्या भावाकडं, दादाकडं होतं. वाटता वाटता तो कधी प्यायला लागला ते आम्हाला कळलंच नाही. कळलं तोवर रसायनीच्या कारखान्यातली नोकरी हातची गेली होती.

व्यसनमुक्ती केंद्रात त्याला मीच घेऊन गेले. आई गावात सांगत होती, पोरगा सुरतेला कामाला गेलाय. मी सांगत होते, दारू सोडवायला ठेवलाय. घरातली पहिली बी.ए. झाले ती खोटं बोलायला नाही.

दादाला सोडताना केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं: घरात दारू येऊ द्यायची नाही. पाहुण्यांना नाही, मजुरांनासुद्धा नाही. त्याला घरी येऊन तीन महिने झाले आणि लावणी तोंडावर आली.

"बाटली नाय तर मानसं नाय," शेजारचे काका म्हणाले. "त्याला कोन पाजतंय? त्यानं पिऊ नये म्हंजे झालं."

"तुमाला साखर हाय. तुमच्या म्होरं बसून आमी पेढे खाल्ले तर चालंल का, काका?"

"शिकलेल्या पोरीच्या तोंडाला लागू नये बाबा," ते हसत उठले. "जा, आता पुस्तकं लाव खाचरात."

दुसऱ्या दिवशी पाच जण येणार होते. एकही आला नाही. मी ऑफिसात रजा टाकली होती. रोप वाढत चाललं होतं, आणि ते जास्त वाढलं की लावूनही नीट फुटत नाही.

आईचा धीर सुटला. तिनं गुपचूप दोन बाटल्या आणून कोंड्याच्या डब्यात पुरल्या. गाईसाठी कोंडा काढायला गेला नेमका दादा. बाहेर आला तो दोन्ही हातांत बाटल्या घेऊन. मी हिसकायला धावले.

"थांब गं."

तो ओट्यावर बसला. बाटल्या बाजूला ठेवल्या. बुचं शाबूत होती.

"आये, ह्या परत देऊन ये. दुकानात मी नाय येत, तू जा." मग माझ्याकडं वळला. "आनि तू. माज्यासाठी गावभर भांडत फिरतेस. मला इचारलंस का कवा? तोंड हाय मला."

खरंच विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी तो डोंगराखालच्या वाडीवर गेला. मी मागं, चार पावलं अंतर ठेवून. प्रत्येक दारात त्यानं एकच सांगितलं, "मी दारू सोडतोय, औषध चालू हाय. मजुरी मिळंल, जेवन मिळंल, बाटली मिळायची नाय." पुरुषांनी माना फिरवल्या. शेवटच्या घरापाशी दोन बायका सरपण रचत होत्या.

"म्हंजे बाटली नायच?" एकीनं विचारलं.

"नाय."

"तर मंग आमी येतो. लावनीच्या दिसांत आमची मानसं तुमची बाटली पिऊन येत्यात आनि मार आमाला." दुसरी म्हणाली, "चहा तेवढा गोड कर रं."

त्या दोघी, आई, मी आणि दादा. पाच जणांनी जमेल तेवढं लावलं. माझ्या ओळी वाकड्या गेल्या, त्यावर बायका दिवसभर हसल्या. तरी सडकेलगतचं एक खाचर राहिलंच. उरलेलं रोप पिवळं पडलं, ते गाईला घातलं.

ते रिकामं खाचर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरतं. हे पडीक का रं, म्हणून कुणी ना कुणी विचारतंच. मी तोंड उघडायच्या आत दादा बांधावरून सांगतो,

"बाटली नाय दिली, म्हनून."